चिमटा माझ्याच हातात राहील

३ मार्च, रविवार

ही वही नेलिदाने दिली. म्हणाली, म्हाताऱ्या, ओरडायचं असेल तर यात ओरड, माझे कान आता दमले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यात मी बायकोच्या कानाशी कधी ओरडलो ते मला तरी आठवत नाही. पण वही ठेवून घेतली. आजचा अपमान कुठेतरी लिहायलाच हवा, नाहीतर डोकं फुटेल.

शुक्रवारी डॉक्टर ब्रुनेतीने माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला. ही पोरगी माझ्या बुटांपेक्षा वयाने लहान असेल. म्हणाली, एवारिस्तो, कोलेस्टेरॉल वर आहे, युरिक ॲसिड त्याच्याही वर आहे, तुम्ही बीफ किती खाता? मी म्हटलं, माणूस खातो तेवढं. म्हणे, म्हणजे किती? म्हटलं, रोज. दोनदा. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी तीस वर्षं गुरांचे ट्रक बाजारात नेले आहेत. आमच्या कुरणांतली गाय मला पुढून, मागून आणि आतून माहीत आहे. आणि ही मला सांगते, बरगड्या बंद, स्टेक बंद, आठवड्यातून एकदा तळहाताएवढा तुकडा, बाकी दिवस उकडलेला भोपळा.

हेही मी गिळलं असतं. पण आज दुपारी मी निखाऱ्यांवर भाजलेला मांसाचा आसादो सगळ्यांनी बोटं चाटून संपवला आणि मग आमच्या मुलीने, सिल्विनाने, जाहीर केलं की त्यांच्या नव्या घराचा स्लॅब एक मेला पडणार. सुट्टीचा दिवस आहे, मित्र, शेजारी, नातलग, सगळे बादल्या उचलायला येतील. आणि आलेल्यांना घरमालकाने जाळीवरचं मांस पोटभर खाऊ घालायचं असतं, ते काही नवीन नाही. जाळीपाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारलेला नाही. चिमटा माझा. माझ्या बापाचा होता, आता माझा. तर सिल्विना म्हणाली, पप्पा, तोवर रिपोर्ट सुधारला तर चिमटा तुझा. नाहीतर एझेकिएल भाजेल.

एझेकिएल म्हणजे जावई. राजधानीतला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि त्याला काम म्हणतो. जाळीवर वांगी ठेवतो. निखारे पेटवायला दुकानातून मेणाची वडी आणतो.

मी विचारलं, माझ्या रक्ताचा आणि चिमट्याचा संबंध काय? नेलिदा म्हणाली, चिमटा हातात आला की तुझं तोंड थांबत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून बाहेर आलो. कुत्रा, पान्चो, तेवढा मागे आला. त्याच्यासाठी एक हाड आणलं होतं.

५ मार्च, मंगळवार

संकल्प केला. डॉक्टरीण म्हणते ते अक्षरशः पाळायचं, रिपोर्ट तिच्या टेबलावर आपटायचा, आणि एक मेला जाळीपाशी उभं राहून एझेकिएलच्या डोळ्यांत बघायचं.

पण आधी सत्य काय ते लिहून ठेवतो. बीफमध्ये लोह असतं, प्रोटीन असतं, बी बारा असतं. हे मी म्हणत नाही, खुद्द ब्रुनेतीनेच कबूल केलं. म्हणाली, एवारिस्तो, मांस वाईट नाही, तुमचं प्रमाण वाईट आहे. चरबी रक्तात बसते, युरिक ॲसिड सांध्यात बसतं. मी म्हटलं, माझा बाप दोन वेळ मांस खायचा आणि एक दिवस आजारी पडला नाही. तिने विचारलं, ते किती जगले? आता हा काय प्रश्न झाला? अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. पण एकदम गेले, हृदयाने. आजारी पडून नाही.

संध्याकाळी तळहाताचं माप घेतलं. तळहात म्हणजे बोटांसकट, हे उघड आहे. बोटं नसलेला हात कुणी पाहिलाय? आणि जाडी किती ते तिने सांगितलेलं नाही.

तुकडा ताटाबाहेर येत होता. नेलिदाने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुरी घेऊन बोटं कापून टाकली. म्हणजे तुकड्याची.

८ मार्च, शुक्रवार

भोपळा. काल भोपळा, परवा भोपळा. लगदा करून, मिठाशिवाय. माणसाला दात कशाला दिले आहेत?

आता नेलिदाचं नवीन खूळ. म्हणाली, एका घरात दोन पातेली मी चढवणार नाही. तू भोपळा, तर मीही भोपळा. तुझ्यासमोर बसून मी स्टेक कापू का? मी म्हटलं, काप ना, मी काय लहान पोर आहे? म्हणाली, तू लहान पोर असतास तर सोपं होतं.

समोर बसून तोच पिवळा लगदा खाते. याला साथ म्हणत नाहीत, याला पहारा म्हणतात.

१० मार्च, रविवार

विजय.

घरचे लोक ताटाकडे बघतात आणि तिथेच चुकतात. भाजणारा टेबलाशी बसतो कधी? तो उभा असतो, धुरात, एका हातात चिमटा, दुसऱ्यात वाइनचा ग्लास. टेबलावर माझं ताट होतं, त्यात लेट्यूसची पानं आणि टोमॅटो. सगळ्यांनी ते ताट पाहिलं. सिल्विनाने गालावर पापी घेतली. म्हणाली, पप्पा, मला तुझा अभिमान वाटतो. मलाही वाटला.

जाळीपाशी थोडं चाखलं. चाखल्याशिवाय शिजलं की नाही कळणार कसं? पाद्री रोज सकाळी वाइन घेतो, त्याला कुणी दारुडा म्हणत नाही. तेही कामच, हेही कामच. एका बरगडीची कड, दुसऱ्या बरगडीची कड, मग मधलं, कारण कडांवरून मधलं कळत नाही. मग कुशीच्या मांसाचा तुकडा, पाव घेऊन, कारण नुसता गरम लागतो.

जेवण संपत आल्यावर कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. मी चिमटा वर केला. यासाठीच माणूस उन्हात निखाऱ्यांपुढे उभा राहतो, दुसरं काही नको असतं.

पूर्ण रविवारात मी ताटातलं मांस खाल्लेलं नाही. शून्य.

१७ मार्च, रविवार

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि मला स्वतःचाच राग आला, की ती आधी कशी सुचली नाही. ब्रुनेतीने बरगड्या म्हटलं, स्टेक म्हटलं. आतडी म्हटलं नाही. गुर्दे म्हटलं नाही. रक्ताचं सॉसेज तर तिच्या तोंडातूनही निघालं नाही. मग हे सगळं मोकळं आहे. गुर्दा म्हणजे फिल्टर, शरीर साफ करणारा अवयव. तो खाल्ल्याने साफच होणार.

गुर्दे लिंबू पिळून भाजले. आतडी अशी कुरकुरीत झाली की एझेकिएलसुद्धा वांगं सोडून बघायला आला. विचारू लागला, डॉन एवारिस्तो, निखारे एका बाजूला का ओढले? मी म्हटलं, बघून कळत नसेल तर सांगून काय कळणार. तो उभा राहून बघतच बसला. बघू दे. माझ्या बापाने मला काही सांगितलं नव्हतं.

टाळ्या. चिमटा वर.

२१ मार्च, गुरुवार

खाटीक अन्सेल्मोच्या दुकानी गेलो. स्लॅबच्या दिवशी एवढी माणसं जेवणार, त्याचा माल आतापासून ठरवायला हवा. माल ठरवायचा म्हणजे नमुना बघायला हवा. नमुना बघायचा म्हणजे त्याने मागच्या खोलीत तव्यावर टाकला आणि पावात घालून दिला.

अन्सेल्मो म्हणाला, एवारिस्तो, नेलिदा मला फाडून खाईल. मी म्हटलं, तिला आता फाडून खायची सवय राहिलेली नाही, ती भोपळा खाते. तो हसला नाही. म्हणाला, ती का खाते? मी म्हटलं, हौस. तो बराच वेळ सुरीला धार लावत राहिला. खाटकाने तोंड घातलं की समजावं, धंदा मंद आहे.

उद्या दुसरा नमुना. वेगवेगळ्या दिवसांचा माल वेगवेगळा असतो.

२६ मार्च, मंगळवार

एझेकिएलने आज अक्कल पाजळली. मातेचा कडू काढा नळीने पिताना म्हणाला, मी वाचलं, बीफमधलं लोह शरीराला पटकन मिळतं, पालेभाजीतलं तसं मिळत नाही. बायकांना तर त्याची फार गरज असते. मी वाट बघत होतो की तो आता पुढे काही वाईट बोलेल आणि मी त्याच्यावर तुटून पडेन. तो काहीच वाईट बोलला नाही. म्हणाला, अधूनमधून मीही खातो की, फक्त तुमच्याइतकं मला झेपत नाही.

याचा मला इतका राग आला की मातेचा घोट चुकून जीभ भाजली. ज्याच्याशी भांडायचं त्यानेच आपली बाजू घेतली तर माणसाने जावं कुठे?

३१ मार्च, रविवार

नेलिदा दोरीवर कपडे घालताना एकदम खाली बसली. चक्कर. पाणी दिलं, वारा घातला. रंग अगदी ओल्या चादरीसारखा. मी म्हटलं, उन्हात टोपी घालत जा. म्हणाली, ऊन कुठे आहे, म्हाताऱ्या? नव्हतं खरं.

तिचं वय झालं, तिला कुणी सांगत नाही. पण एक बघितलं, भोपळा तिला मानवला आहे. पोरीसारखी बारीक झाली. मी तसा बारीक दिसत नाही, कारण माझी हाडं जड आहेत. आतून मात्र फरक पडत असणार. तो रिपोर्टमध्ये दिसेल.

७ एप्रिल, रविवार

आज संताप. नीट लिहितो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

जाळीवरची पहिली बरगडी नेलिदाची. लग्नापासूनची रीत आहे. तिसऱ्या क्रमांकाची, हाडाला चरबीची पातळ कड असलेली. सगळ्यात चांगली ती मी तिच्या ताटात नेऊन ठेवतो आणि लगेच जाळीपाशी परत येतो, कारण मागे बाकीचं करपतं. मार्च सुरू झाल्यापासून ती बरगडी ताटातून परत येते. आज मी विचारलं, काय वावडं आहे? सगळ्यांसमोर म्हणाली, तू खात नाहीस, तर ती माझ्या घशाखाली उतरत नाही. न्यायची असेल तर ने, नाहीतर पान्चोला घाल.

सिल्विनाचे डोळे भरून आले. मम्मी, तू पण ना, असं काहीतरी म्हणाली. सगळं टेबल तिच्याकडे कौतुकाने बघतंय आणि मी हातात बरगडी धरून उभा. म्हणजे मी त्याग करायचा आणि टाळ्या हिला.

बरगडी परत जाळीपाशी नेली. कुत्र्याला घालायच्या लायकीची ती नव्हतीच. जनावराने आपला जीव दिलेला असतो, त्याचा मान ठेवायला हवा. उभ्यानेच संपवली. मागच्या चार रविवारीही तसंच केलं होतं, पण तेव्हा राग आला नव्हता. आज घास अडकला.

टाळ्या जरा कमी वाजल्या.

१२ एप्रिल, शुक्रवार

दोघांचंही रक्त दिलं. माझं स्लॅबसाठी, तिचं चकरेसाठी. नर्सने नेलिदाचं रक्त काढलं आणि काचेची नळी उजेडात धरून बघितली. माझं काढताना म्हणाली, बाप रे, हे तर वाहतच नाही. मी म्हटलं, दमदार आहे.

परत येताना अन्सेल्मोकडे एक नमुना. रक्त दिल्यावर अशक्तपणा येतो.

१७ एप्रिल, बुधवार

मला इतका राग आलेला आहे की पेनाची निब कागदातून आरपार जाते आहे.

ब्रुनेतीने दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आधी माझ्याकडे वळली. म्हणाली, एवारिस्तो, कोलेस्टेरॉल मार्चपेक्षा वाढलं आहे. युरिक ॲसिड तर असं आहे की मला दोनदा वाचावं लागलं. गेला दीड महिना तुम्ही काय खात होतात? मी म्हटलं, भोपळा. मग नेलिदाकडे वळून म्हणाली, आणि सिन्योरा, तुमचं हिमोग्लोबिन फार खाली गेलं आहे, शरीरात लोहच उरलेलं नाही. तुम्ही काय खात होतात? नेलिदा म्हणाली, तो खात होता तेच. त्याच पातेल्यातलं. भोपळा.

भिंतीवर एक पंखा होता तो फिरत होता. ब्रुनेतीने एक रिपोर्ट पाहिला, मग दुसरा. म्हणाली, एकाच पातेल्यातून जेवणाऱ्या दोन माणसांचं रक्त असं असू शकत नाही.

नेलिदा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तेच मला कळत नाही. रागाने बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. आपला भाऊ समजून कुणाला हाक मारावी आणि तो दुसराच कुणी निघावा, तसं बघत होती.

मला लगेच समजलं काय झालं असणार. नळ्यांची अदलाबदल. लॅबमध्ये माझी नळी कुणा दुसऱ्या बैलोबाच्या नळीशी बदलली. मी तसं स्पष्ट सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. ब्रुनेती म्हणाली, ठीक आहे, सोमवारी पुन्हा रक्त द्या. दोघंही. आणि सिन्योरा, तुम्ही आजपासून लोहाच्या गोळ्या घ्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बीफ खा. बरगड्या, स्टेक, आवडेल ते. तुम्हाला ते औषध आहे.

तिला औषध, मला विष. एकाच गाईचं. यात न्याय कुठे आहे ते कुणी मला सांगावं.

घरी आलो. दारात नेलिदा म्हणाली, माझ्या बरगड्या कुठे जात होत्या, एवारिस्तो? म्हाताऱ्या म्हणाली नाही. नाव घेतलं. मी म्हटलं, लॅबचा निकाल येऊ दे, मग बोलू.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

आज अख्खा गाव मांस खात नाही. ट्यूना माशाच्या करंज्या. मीही खाल्ल्या. म्हणजे आज पूर्ण, निखळ, एकशे एक टक्के पथ्य झालं आणि त्याची दखल घेणारं घरात कुणी नाही.

नेलिदा दुसऱ्या खोलीत झोपते. म्हणते, पाठ दुखते. पाठ दुखत असेल.

२४ एप्रिल, बुधवार

नळ्या बदललेल्या नव्हत्या.

याचा अर्थ एवढाच की लॅब दुसऱ्यांदा चुकलेली नाही. पहिल्यांदा चुकलीच नव्हती असं यातून सिद्ध होत नाही. शिवाय मधल्या दिवसांत मी चिंतेत होतो, आणि चिंतेने युरिक ॲसिड वाढत असणार. ब्रुनेतीला विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, एवारिस्तो, जाळीपाशी उभ्याने खाल्लेलं पण पोटातच जातं. तिला कुणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही. अन्सेल्मो फुटला असावा. नाहीतर एझेकिएल, तो दोन महिने डोळे फाडून बघतोच आहे. सगळे सामील आहेत.

म्हणाली, पथ्य पाळा, नाहीतर एक दिवस अंगठा सांगेल. कोडी घालते.

सिल्विना रात्री आली. सरळ आईजवळ जाऊन बसली. तिला स्टेक करून दिला. तव्यावर. नेलिदाने अर्धा खाल्ला. वास माझ्या खोलीपर्यंत येत होता.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायची. रिपोर्ट वाईट, हे मान्य. पण चिमट्याबद्दल डॉक्टर एक शब्द बोललेली नाही. सिल्विनाही आज बोलली नाही. म्हणजे तो विषय अजून उघडा आहे.

२८ एप्रिल, रविवार

उजव्या पायाचा अंगठा. सकाळी उठलो तर टोमॅटोसारखा लाल, फुगलेला. चादर टेकली तरी जीव जातो. नेलिदा उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं. मी म्हटलं, तिने अंगठ्याबद्दल सांगितलं नव्हतं. म्हणाली, अंगठ्याबद्दलच सांगितलं होतं.

कारण मला माहीत आहे. गुरुवारी एझेकिएलच्या सिमेंटच्या गोणीची ठेच लागली होती. बांधकामाच्या जागेवर गोण्या अशा वाटेत टाकतात का? ठेच डाव्या पायाला लागली होती असं नेलिदा म्हणते. ती तिथे होती का?

आज आसादो झाला नाही. नेलिदाने सूप केलं. तिच्या वाटीत मांस होतं.

३० एप्रिल, मंगळवार

बूट चढत नाही. सपाता पण चढत नाही. पान्चो शेपटी हलवत जवळ आला आणि शेपटी अंगठ्याला लागली. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

योजना. उद्या खुर्ची जाळीपाशी ठेवायची. बसून भाजायचं. राजेसुद्धा बसूनच राज्य करत होते. सिल्विनाला तसं सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, उद्या तू ये, बस, बघ. बास. मी म्हटलं, बघायला मी काय पाहुणा आहे? म्हणाली, मम्मीला विचार.

नेलिदाला विचारलं नाही. ती चिमटा पुसत होती. माझ्या बापाचा चिमटा, लाकडी मुठीचा. राखेने घासून पुसून तिने तो कागदात गुंडाळला. मला वाटलं माझ्यासाठीच. दुसरं कुणासाठी असणार?

१ मे, बुधवार

स्लॅब पडला. चांगला पडला म्हणतात.

खुर्ची होती, पण ती जाळीपाशी नव्हती. पलीकडे झाडाखाली. पायासाठी एक उलटी बादली. एझेकिएलने स्वतः उचलून मला तिथे नेऊन बसवलं, तेव्हा म्हणाला, डॉन एवारिस्तो, काही चुकलं तर इथून ओरडा. मग काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. दुपारपर्यंत मी काय ओरडत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं.

त्याने मेणाची वडी आणली नव्हती. वर्तमानपत्राचे बोळे केले, वर बारीक लाकडं, मग जाड, जशी मी लावतो तशी. वाट बघितली. निखारे एका बाजूला ओढले. हात जाळीवर धरून धग मोजली. मी दोन-तीनदा डोळे बारीक करून बघितलं, कुठेतरी चुकेल म्हणून. मीठ कधी टाकायचं तिथे चुकेल असं वाटलं होतं. चुकला नाही. फक्त एका कोपऱ्यात एक वांगं होतं. तेवढं एक.

माणसं शिडीवरून उतरली, सिमेंटने पांढरी झालेली, आणि टेबलाशी बसली. मलाही खुर्चीसकट उचलून टेबलाशी ठेवलं, नेलिदाच्या समोर. माझ्यापुढे वाडगा ठेवला. भोपळा. बाजूला तळहाताएवढा तुकडा, बोटांशिवाय. आठवड्याचा हक्काचा. मी तो दोन घासांत संपवला, मग सगळे खात होते आणि मला काही काम नव्हतं.

एझेकिएलने पहिली बरगडी आणून नेलिदाच्या ताटात ठेवली. तिसऱ्या क्रमांकाची, चरबीची पातळ कड असलेली. कोणती द्यायची हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. ठेवली आणि लगेच जाळीपाशी परत गेला.

ती खायला लागली. आधी सुरीने, मग सुरी बाजूला ठेवून हाताने. डोळे मिटून चावत होती. चरबीची कड तिने शेवटच्या घासासाठी राखून ठेवली. हाडाच्या आतल्या बाजूने मांस दातांनी ओढून काढलं, आणि हनुवटीवर ओघळ आला तो मनगटाने पुसला. चाळीस वर्षं मी ती बरगडी तिच्यासाठी भाजली आणि तिला ती खाताना आज पहिल्यांदा बघितलं. भाजणारा टेबलाशी बसत नाही.

मग अन्सेल्मो उभा राहिला आणि ओरडला, भाजणाऱ्यासाठी टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. जोरात वाजवल्या, मिक्सर बंद झाला होता ना. आणि मी उठलो. एका पायावर, टेबलाला धरून, उजवा हात वर केला. हातात चमचा होता. सगळे जाळीकडे बघत होते. एझेकिएलने चिमटा वर केला.

मी खाली बसलो. कुणी पाहिलं नव्हतं. नेलिदाने पाहिलं होतं. माझ्याकडे बघत तिने हाड उचललं. अगदी पांढरं झालं होतं, त्यावर काही उरलेलं नव्हतं. मला वाटलं ती मला देईल.

तिने ते पान्चोला दिलं.